पाणी कमी आणि आकडे भरपूर, मग पाळी कशावरून ठरवायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: सामायिक साठवण तलाव, त्याखाली ९० हेक्टर, मातीचा पाट, बहुतेक मका आणि थोडं बाकीचं, आणि यंदा तलाव पूर्ण भरलेला नाही. हवामान केंद्राचे आकडे मिळतात, मातीत चार सेन्सर बसवलेत, उपग्रहाचे नकाशे मोबाईलवर दिसतात, तलावाची पातळी रोज वहीत लिहिली जाते, पण पाणी मात्र अजून तासांच्या पाळीनेच वाटलं जातं. मग या सगळ्या डेटातून वाटपाचा निर्णय काढायचा कसा? मी बरीच वर्षं हेच काम करतोय, कालव्यावर मोजमाप बसवायचं आणि त्यावरून पाण्याचं बजेट करून द्यायचं, म्हणून जरा लांब लिहितोय.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. आकडे गोळा करून शेवटी निर्णय सुचत नाही, निर्णय आधी लिहायचा आणि मग त्याला लागणारा आकडा शोधायचा. तुमच्यासमोर खरे निर्णय मोजकेच आहेत: या पाण्यावर किती क्षेत्र पेरायचं, पाणी तोडायची वेळ आली तर पिकाच्या कुठल्या अवस्थेत तोडायचं, या आठवड्यात कोणाला किती द्यायचं, आणि तुटवडा अंदाजापेक्षा वाढला तर कपात कशी लावायची. प्रत्येकाला एक तारीख असते, त्या तारखेनंतर आकडा कितीही अचूक आला तरी कामाचा नाही. पेरणी झाल्यावर क्षेत्राचा हिशोब करून काय उपयोग.

आकडा निर्णयाला कसा बांधायचा याचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण भाताचं आहे. फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने आलटून पालटून ओलं-कोरडं ठेवायची जी पद्धत पसरवली, तिच्यात साधी छिद्रं पाडलेली नळी खाचरात पुरतात, नळीतलं पाणी जमिनीच्या १५ सेंमी खाली गेलं की पाणी द्यायचं, त्याआधी नाही, आणि फुलोऱ्यात मात्र खाचर कोरडं पडू द्यायचं नाही. बस. एक नळी, एक आकडा, एक निर्णय. यात पाण्याची बचत ३० टक्क्यांपर्यंत जाते आणि नीट पाळलं तर उत्पन्न पडत नाही. तुमच्या चारही सेन्सरना असा एकेक निर्णय जोडलेला आहे का ते बघा, नसेल तर ते नुसते आलेख काढत बसतील.

आता बजेट. इथे मी जास्त वेळ घालवणार आहे कारण बहुतेक ठिकाणी गडबड इथेच होते, लोक तलावातलं पाणी भागिले हेक्टर करतात आणि मग अर्ध्या हंगामात पाणी संपतं. समजा पेरणीच्या वेळी तुमचा उपयुक्त साठा ५ लाख घनमीटर आहे (माझे आकडे उदाहरणाचे आहेत, तुमचे घाला). आता एक गणित पाठ करून ठेवा: १ हेक्टरवर १ मिमी पाणी म्हणजे १० घनमीटर, म्हणजे १० हजार लिटर, पुढचा सगळा हिशोब याच्यावर चालतो. तलावाचं पाण्याखालचं क्षेत्र सरासरी ६ हेक्टर धरलं आणि रोज ५ मिमी बाष्पीभवन, तर १२० दिवसांत ६०० मिमी, म्हणजे ३६ हजार घनमीटर हवेतच गेलं. तळातून-बांधातून झिरपणारं अजून १४ हजार धरा. राहिले साडेचार लाख. मातीच्या पाटात ३० टक्के गळती असेल तर शेताच्या तोंडाशी पोचतात ३ लाख १५ हजार. सरीने भिजवताना त्यातलं ६५ टक्के मुळांच्या थरात राहिलं तर पिकाच्या वाट्याला साधारण २ लाख ५ हजार घनमीटर. म्हणजे ज्याला आपण ५ लाख म्हणत होतो त्यातलं पिकाला मिळतं ४० टक्क्यांच्या आसपास. हा धक्का पेरणीआधीच बसलेला बरा.

आता दुसरी बाजू, पिकाची गरज. इथे एफएओच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेच्या, ५६ नंबरच्या पुस्तिकेची पद्धत वापरा, १९९८ ची आहे पण अजून जगभर तीच चालते: हवामानावरून पेनमन-माँटीथ सूत्राने संदर्भ बाष्पोत्सर्जन (गवतासारख्या ठरावीक पिकातून आणि त्याच्या जमिनीतून रोज किती मिमी पाणी उडेल तो आकडा) काढायचं आणि त्याला पिकाच्या अवस्थेप्रमाणे गुणांक लावायचा. मक्याचा गुणांक सुरुवातीला ०.३ च्या आसपास, भर वाढीत आणि फुलोऱ्यात १.२, नंतर पीक वाळत जाईल तसा उतरतो. तुमच्या हवामान केंद्राकडून तापमान, आर्द्रता, वारा आणि सौर किरणं हे चारही मिळत असतील तर उत्तम, पण वाऱ्याचा आणि किरणांचा सेन्सर बऱ्याचदा बिघडलेला असतो आणि कोणी बघत नाही, सेन्सरवर धूळ बसली की किरणांचा आकडा हळूहळू खाली सरकत जातो आणि पिकाची गरज कमी दिसायला लागते. म्हणून निरभ्र दिवसाचे आकडे अधूनमधून तपासा. केंद्र बंद पडलं तर नुसत्या कमाल-किमान तापमानावर चालणारं हारग्रीव्ज सूत्र आहे, आठवड्याच्या सरासरीला ठीक काम देतं, रोजच्या आकड्याला नाही.

समजा हंगामभराची गरज ५०० मिमी निघाली आणि त्यातले १५० मिमी जमिनीतल्या ओलीतून आणि पावसातून मिळतील. उरले ३५० मिमी, ते तुम्ही द्यायचे. २ लाख ५ हजार घनमीटरमध्ये ३५० मिमीने भागलं तर भिजतात साडेअठ्ठावन्न हेक्टर, आणि तुमचं आहे ९०. सगळ्यांना सारखं वाटलं तर प्रत्येकी साधारण २२८ मिमी.

मग सगळ्यांना थोडं थोडं द्यायचं का काहींना पूर्ण? इथे लोक म्हणतात डेटाला विचारा. विचारूया. एफएओच्याच १९७९ च्या ३३ नंबरच्या पुस्तिकेत पाण्याच्या ताणाला पीक किती झोंबतं याचा आकडा आहे, केवाय म्हणतात त्याला. मक्याचा पूर्ण हंगामाचा १.२५. म्हणजे पिकाचा पाणीवापर १० टक्के कमी झाला तर उत्पन्न साडेबारा टक्के घटतं. आपल्या उदाहरणात प्रत्येकाला मिळाले १५० अधिक २२८, म्हणजे ३७८ मिमी, तूट २४ टक्क्यांच्या थोडी वर, उत्पन्नात घट साधारण ३० टक्के. ९० हेक्टरवर ३० टक्के घट म्हणजे साडेबासष्ट हेक्टरच्या भरघोस पिकाइतका माल. आता उलटं करा, साडेअठ्ठावन्न हेक्टरला पूर्ण पाणी आणि बाकीचं नुसत्या ओलीवर सोडलेलं: त्या बाकीच्यात सूत्राप्रमाणे जेमतेम बारा-साडेबारा टक्के पीक येतं, आणि बेरीज परत साडेबासष्टच. सूत्र सरळ रेषेचं आहे, त्यामुळे एकाच पिकात तुम्ही पाणी कसंही वाटा, बेरीज तीच येणार. प्रत्यक्षात ही रेषा निम्म्यापेक्षा जास्त तूट झाली की टिकत नाही, कोरडं सोडलेलं पीक बहुतेक वेळा पूर्णच जातं, आणि पेरलंच नाही तर बी-खत-मजुरी वाचते. म्हणजे या दोन पर्यायांतला निर्णय हा तुमच्या गटाने बसून घ्यायचा न्यायाचा निर्णय आहे, कोणाचं रान पडीक ठेवायचं आणि त्याला त्याबदल्यात काय द्यायचं, आणि तो कॉम्प्युटरच्या तोंडातून वदवून घेऊ नका. मी हे इतकं सांगतोय कारण एकदा का कोणी "सॉफ्टवेअरने सांगितलं" म्हणून टेलच्या, म्हणजे पाटाच्या शेवटच्या, माणसाचं पाणी तोडलं की पुढची कित्येक वर्षं तो कुठल्याच आकड्यावर विश्वास ठेवत नाही.

डेटा खरा बोलतो तो दुसऱ्या दोन गोष्टींवर, कुठलं पीक आणि कधी. पिकांचं बघा: मक्याचा केवाय १.२५, ज्वारीचा ०.९, सोयाबीनचा ०.८५, भुईमुगाचा ०.७. तेवढीच २४ टक्के तूट सोयाबीनवर पडली तर घट २० टक्क्यांच्या आसपास, भुईमुगावर १७. म्हणजे ज्या भागात पाणी तुटणार हे आधीच माहीत आहे, पाटाचं शेपूट म्हणा किंवा हलकी जमीन, तिथे मका पेरणं हेच चुकीचं. आणि अवस्थेचा फरक तर त्याहून मोठा आहे. मक्याच्या वाढीच्या काळात केवाय ०.४, फुलोऱ्यात १.५, दाणे भरताना ०.५, पक्वतेला ०.२. तुरा आणि स्त्रीकेसर बाहेर पडायच्या दिवसांत ताण बसला की दाणेच धरत नाहीत, मग नंतर तलाव रिकामा केला तरी कणीस भरत नाही. त्यामुळे कपात करायचीच असेल तर पीक गुडघ्याएवढं असताना करा आणि ते वाचवलेलं पाणी फुलोऱ्यासाठी बाजूला ठेवा, नावानिशी, "फुलोऱ्याचा साठा" म्हणून, त्याला हात लावायचा नाही. उगवणीला मात्र पाणी तोडू नका, रोपांची संख्याच कमी झाली तर पुढची सगळी गणितं पोकळ.

एक अडचण इथे हमखास येते आणि ती बजेटमध्ये दिसत नाही. फुलोऱ्यात संदर्भ बाष्पोत्सर्जन रोज ६ मिमी असेल तर मक्याची गरज ७.२ मिमी, ६५ टक्के कार्यक्षमतेने शेतात द्यायचे ११ मिमी, ९० हेक्टरला दिवसाला जवळपास १० हजार घनमीटर, म्हणजे शेताच्या तोंडाशी सेकंदाला ११५ लिटर आणि गळती धरून तलावाच्या तोंडाशी १६५ लिटर, तेही चोवीस तास. तुमचा पाट तेवढं नेतो का? नसेल तर तलाव काठोकाठ भरला तरी फुलोऱ्यात टेलला ताण बसणारच, कारण अडचण साठ्याची नाहीच, पाटाच्या आकाराची आहे. उपाय पेरणीच्या तारखेत आहे, अर्ध्या क्षेत्राची पेरणी दहा-बारा दिवस मागे-पुढे करा म्हणजे सगळ्यांचा फुलोरा एकाच आठवड्यात येणार नाही. आणि ही गोष्ट पेरणीआधीच ठरवावी लागते, म्हणूनच वर तारखांबद्दल बोललो.

आता मोजमाप. तुमच्याकडे सेन्सर आहेत, उपग्रह आहे, पण तुम्ही लिहिलेल्यात पाट फुटतो तिथे प्रवाह मोजायचं काही दिसलं नाही. माझं मत स्पष्ट आहे, पुढचा पैसा आधी तिथे घाला. तासांची पाळी अन्यायाची होते ती याचमुळे, हेडच्या, म्हणजे पाटाच्या तोंडाजवळच्या, माणसाच्या तासात आणि टेलच्या माणसाच्या तासात पाणी सारखं नसतं. तलावाचं तोंड, प्रत्येक मोठा फाटा आणि शेवटची चारी, एवढ्या जागा मोजल्या तरी खूप झालं. लहान प्रवाहाला पाटात आडव्या लावलेल्या फळीतली व्ही आकाराची खाच चालते, मोठ्याला आणि गाळाच्या पाण्याला पार्शल फ्लूम (मध्ये अरुंद केलेली मोजमापाची नाली) बरा, त्यात गाळ वाहून जातो आणि पाण्याची पातळी फार चढवावी लागत नाही. रीडिंग कसं घेता याला फार किंमत आहे. ९० अंशाच्या व्ही खाचेवर पाण्याची उंची १० सेंमी असेल तर प्रवाह सेकंदाला साधारण ४.४ लिटर, ११ सेंमी असेल तर ५.५ लिटर. एका सेंटीमीटरमध्ये पाव भागाहून जास्त पाण्याचा फरक! फूटपट्टी वाकडी बसली, खाचेत पालापाचोळा अडकला, किंवा उंची खाचेच्या तोंडावरच मोजली जिथे पाणी आधीच खाली वाकलेलं असतं, की झालं. पट्टी खाचेच्या मागे, जास्तीत जास्त उंचीच्या तीन-चार पट अंतरावर लावा, शून्य खाचेच्या टोकाला लेव्हलने जुळवा, आणि मागचा गाळ काढत राहा. पंपाचे तास मोजत असाल तर पंपाचा प्रवाह पाण्याची पातळी खाली गेली की कमी होतो, त्यामुळे हंगामाच्या सुरुवातीला एकदा मोजलेला आकडा शेवटपर्यंत वापरू नका, माहीत असलेल्या मापाची टाकी किती वेळात भरते ते मधूनमधून बघत जा.

मातीच्या सेन्सरबद्दल. सेन्सर मुठीएवढ्या मातीचं सांगतो, शेताचं नाही, म्हणून त्याच्या टक्क्यावरून मिमी काढत बसू नका, त्याचा कल बघा. दोन खोलीवर बसवलेला एक सेन्सर-संच हा वेगवेगळ्या जागी एकेकटे बसवलेल्या चार सेन्सरपेक्षा जास्त सांगतो, वरचा मुळांच्या गर्दीत आणि खालचा मुळांच्या खाली. पाळीनंतर खालचा हलला तर पाणी मुळांच्या खाली निघून गेलं, त्या जमिनीला पुढच्या वेळी कमी द्या. खालचा कधीच हलत नसेल आणि वरचा प्रत्येक पाळीआधी जास्त कोरडा होत जात असेल तर ते पीक हळूहळू उपाशी पडतंय. जमीन बदलली की पाळीचं अंतर बदलतं हे पण इथेच कळतं. मध्यम जमिनीत १ मीटर खोलीला साधारण १४० मिमी पाणी पिकाला मिळण्यासारखं धरलं आणि मक्याने त्यातलं ५५ टक्के ताण न पडता उचललं तर ७७ मिमी, रोज ७ मिमीने अकरा दिवस. वाळूसर जमिनीत तेच ८० मिमी धरा, मग ४४ मिमी, सहा दिवस. या दोघांना एकच दहा दिवसांची पाळी लावली तर वाळूसरवाला पहिल्या सहा दिवसांत पिकाला पाजतो आणि चार दिवस वाळवतो, शिवाय एकदम जास्त पाणी घेऊन निम्मं खाली घालवतो. दोघांचा हंगामाचा हिस्सा सारखाच ठेवा, फक्त हलक्या जमिनीला निम्मं पाणी दुप्पट वेळा द्या. यात कोणाचं काही कमी होत नाही आणि फरक डोळ्याला दिसतो, म्हणून नवीन पद्धत सुरू करायला मी नेहमी हाच बदल पहिला सुचवतो.

उपग्रहाचं काय. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांचे हिरवेपणाचे नकाशे १० मीटरचे असतात आणि साधारण पाच दिवसांनी मिळतात, ढग नसले तर. त्यावरून कोणी खरंच किती पेरलंय आणि पीक कुठल्या अवस्थेत आहे हे छान कळतं, तोंडी सांगितलेल्या क्षेत्रात आणि नकाशावरच्या क्षेत्रात फरक निघाला तर बजेट तिथेच दुरुस्त करा. पिकाने प्रत्यक्ष किती पाणी उडवलं याचे नकाशे अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहाने टिपलेल्या जमिनीच्या उष्णतेवरून काढतात, अमेरिकेच्या पश्चिम भागासाठी २०२१ मध्ये ओपनईटी सुरू झालं ते याच तत्त्वावर, एफएओचं वापोर आफ्रिका आणि आसपासच्या देशांसाठी आलं आणि आता त्याचा ढोबळ थर जगभराचा आहे. पण रोजच्या पाळीला हे वापरू नका, चित्र यायला आणि ढग हटायला वेळ लागतो. याचा खरा उपयोग मागे वळून बघायला आहे, टेलच्या मक्याने हेडच्या मानाने किती कमी पाणी उडवलं हे नकाशावर दिसलं की वाद कमी होतो. गटाच्या पातळीवर ग्रेस उपग्रहाचे भूजलाचे आकडे कोणी दाखवले तर ते बाजूला ठेवा, ते शेकडो किलोमीटरच्या पट्ट्याचे असतात, तुमच्या विहिरीची पातळी दोरी टाकून मोजलेली त्याहून खरी.

आणि एक सावधगिरी, दिलेलं पाणी आणि उडालेलं पाणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुम्ही जी ३० टक्के पाटाची गळती धरली ती सगळी वाया गेली असं नाही, त्यातलं काही खालच्या विहिरींत उतरतं. उद्या पाट पक्का केला, ठिबक केलं, आणि वाचलेल्या पाण्यावर अजून वीस हेक्टर वाढवले, तर तुमच्या वहीत कार्यक्षमता वाढलेली दिसेल आणि खालच्याची विहीर आटेल, कारण एकूण उडालेलं पाणी वाढलं. म्हणून बचतीचा दावा करायच्या आधी खालच्या विहिरींच्या पातळ्या बजेटमध्ये घ्या. खारं पाणी असेल तर अजून एक, सतत कमी पाणी देत राहिलं की क्षार मुळांपाशीच साठतात, वर्षातून एकदा तरी मातीची क्षारता मोजा.

पाऊस मोजताना पण घाई नको. तापलेल्या दिवशी पडलेले एक-दोन मिमी पानांवरूनच उडून जातात, ते हिशोबात धरू नका. मोठा पाऊस जमिनीत जेवढी जागा रिकामी आहे तेवढाच धरायचा, काल पाळी झालेल्या शेतात ६० मिमी पडले तर त्यातले बहुतेक निचऱ्याला गेले. म्हणून पाच-सात दिवसांचा अंदाज पावसाचा असेल तर एखादी पाळी पुढे ढकलायला तो नक्की वापरा, पण फुलोऱ्यातली पाळी अंदाजाच्या भरवशावर ढकलू नका, तिथे हुकलं तर भरून येत नाही. पूर्ण हंगामाच्या अंदाजावर क्षेत्र वाढवणं तर मी कोणालाच सांगत नाही.

किती पाणी येईल हे धरताना हात राखून धरा. कोलोराडो नदीचं उदाहरण सगळ्या जगासमोर आहे: १९२२ च्या करारात वरच्या आणि खालच्या खोऱ्याला दरवर्षी प्रत्येकी ७५ लाख एकर-फूट (एक एकर-फूट म्हणजे एका एकरावर एक फूट उभं पाणी) ठरवून दिलं, १९४४ च्या तहात मेक्सिकोला १५ लाख, आणि नदीत एवढं पाणी असतं हा अंदाज ज्या वर्षांच्या नोंदींवर होता ती वर्षं नेमकी ओली निघाली, झाडांच्या खोडातल्या वर्तुळांवरून हे नंतर कळलं. कागदावर वाटलेलं पाणी नदीतच नाही आणि त्याचं भांडण अजून मिटलेलं नाही. तुम्ही निदान एवढं करा, तलावात दरवर्षी किती पाणी आलं याच्या जितक्या नोंदी असतील त्या मोठ्यापासून छोट्यापर्यंत लावा आणि चारातल्या तीन वर्षी जेवढं तरी आलं तो आकडा धरा. सरासरी धरू नका, सरासरी धरली तर जवळपास निम्म्या वर्षी तोंडघशी पडाल. नोंदी दहा वर्षांच्याही नसतील तर अजून खाली या.

वाटपाचा नियम ऑस्ट्रेलियातल्या मरे-डार्लिंग खोऱ्यासारखा ठेवा, मला तो पटतो. तिथे हक्क हा उपलब्ध पाण्यातला हिस्सा असतो आणि हंगामाच्या सुरुवातीला हक्काच्या किती टक्के पाणी मिळेल ते जाहीर करतात, सुरुवातीला जपून, मग आवक होत जाईल तसे टक्के वाढवत नेतात. माणसाला आधी ५० टक्के सांगून नंतर ६५ दिले तर तो खूश असतो आणि त्याने पेरलेलं वाचतं, आधी ८० सांगून ६५ वर आणलं तर तीच बेरीज असून पीक जातं आणि विश्वासही. तुमच्या तलावासाठी दोन-तीन तारखा ठरवा आणि प्रत्येक तारखेपुढे पातळी लिहा: या दिवशी पातळी अमुक रेषेच्या वर असेल तर टक्के इतके, खाली असेल तर पुढची पाळी इतक्याने कमी, सगळ्यांची सारख्या प्रमाणात, फुलोऱ्याच्या साठ्याला हात न लावता. हे पेरणीआधी, कोणाचं पीक कुठे उभं आहे हे माहीत नसताना लिहा, कारण नंतर प्रत्येकाला आपल्या सोयीचा नियम दिसतो आणि त्यात त्याचाही दोष नसतो, डोळ्यासमोर पीक वाळताना कोण तटस्थ राहणार.

मोजमाप बंद पडलं तर काय, हेही आधीच लिहून ठेवा. मी जिथे जिथे हा नियम नव्हता तिथे मीटर नेमके टंचाईतच बंद पडताना पाहिलेत. नियम असा ठेवा की मीटर बंद असेल त्या वेळेचं पाणी दार पूर्ण उघडं आहे असं धरून मोजलं जाईल, मग दुरुस्तीची घाई मीटरवाल्यालाच होते. आणि रीडिंग घेणारा एकटा नको, फाट्यावरची उंची हेडचा एक आणि टेलचा एक असे दोघं मिळून वाचतील, तिथल्या तिथे फळ्यावर लिहितील, सेंटीमीटरही आणि लिटरही. ॲपमध्ये नंतर भरा. टेलच्या माणसाने स्वतः वाचलेला ढोबळ आकडा हा ऑफिसातून आलेल्या अचूक आकड्यापेक्षा पाळीचं भांडण लवकर मिटवतो, हे मी पुन्हा पुन्हा बघितलंय.

पहिल्या हंगामात सगळं एकदम करू नका. यंदा तलावाचं तोंड आणि दोन फाटे मोजा, बजेट कागदावर करा, हलक्या जमिनीची पाळी वेगळी करा आणि फुलोऱ्याचा साठा राखा, सेन्सर आहेत तेवढेच पुरे. प्रत्येक पाळी संपली की एक वजाबाकी करा: तलावातून सोडलेलं पाणी वजा फाट्यांवर पोचलेलं पाणी. ही तूट तुम्ही बजेटमध्ये धरलेल्या ३० टक्क्यांच्या आसपास राहिली तर गाडी बरोबर चाललीय. एखाद्या पाळीत ती अचानक ४० वर गेली तर आधी खाच आणि पट्टी तपासा, मग पाट चालत जाऊन फुटलेली जागा किंवा न नोंदवलेलं दार शोधा, आणि ते सापडेपर्यंत पुढच्या पाळीचं पाणी सोडू नका, फक्त त्या आठवड्यात कोणाचा मका तुऱ्यात असेल तर त्याला राखीव साठ्यातून द्या आणि वहीत तसं लिहून ठेवा.